शिष्यवृत्तीच्या पैशात फिरणं

युरोपात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचे फोटो आता वस्तीतल्या मोबाइलवर दिसू लागले आहेत. कुणी इरॅस्मस मुंडस मिळवून गेलेलं असतं, कुणी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कुणी केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजवर. इटली, स्पेन, पोर्तुगालकडे असलेल्यांचं वेळापत्रक साधारण सारखंच असतं. सोमवार ते शुक्रवार वर्ग, ग्रंथालय आणि हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात शिजवलेला वरणभात. शुक्रवारी रात्री पाठीवर सॅक टाकून स्वस्तातली बस, नाहीतर विमान. एका शनिवारी फ्लॉरेन्स, पुढच्या शनिवारी सेव्हिल, परीक्षा संपली की लिस्बन.

या फोटोंवर जे बोललं जातं ते तीन तऱ्हेचं असतं. वस्तीतले बरेच लोक मनापासून खूश होतात. कॉलेजातले जुने सवर्ण मित्र हसतहसत ‘सरकारी खर्चाने मजा चालू आहे’ असं म्हणून जातात. तिसरी तऱ्हा आपल्याच माणसांची आणि ती जास्त लागते: ‘बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि हे बघा.’ त्यानंतर तो मुलगा किंवा ती मुलगी फोटो टाकणं बंद करते. फिरणं चालूच राहतं, पण चोरून. प्रत्येक तिकिटाच्या वेळी आईच्या गुडघ्याचं दुखणं, धाकट्या बहिणीची फी आणि पत्र्याचं घर डोळ्यांसमोर येतं.

सधन घरातला मुलगा हेच करतो तेव्हा त्याला ‘एक्स्पोजर’ म्हणतात. त्याच्या सीव्हीत ते लिहिलंही जातं.

मी हे लिहितोय लखनौमधून. हा हिशेब फक्त युरोपात होत नाही. पुष्पक एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून इथे येणाऱ्या मराठी मुलांनाही तो चुकत नाही. रायबरेली रोडवरच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव आहेत. १९९६ साली सुरू झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ आहे, त्यामुळे देशभरातली मुलं येतात. आपल्याकडची काही मुलं दोन वर्षांत पदवी घेऊन परततात आणि त्यांनी लखनौत पाहिलेलं असतं ते स्टेशन, हॉस्टेल आणि चारबागजवळची एखादी खानावळ. विचारलं तर सांगतात, ‘आपण शिकायला आलो होतो, फिरायला नाही.’ हे वाक्य मला पटत नाही. ते आलं कुठून, हे पाहायला हवं.

आधी बाबासाहेबांच्या नावाचं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी १९३४ सालच्या एका सहलीची हकिगत सांगितली आहे. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांना फिरायला जायचं होतं आणि बाबासाहेबांनी सोबत यावं अशी त्यांची इच्छा होती. निदान वेरूळची बौद्ध लेणी तरी बघायचीच, असं ठरलं. मंडळी नाशिकला जमली, तिथून औरंगाबादकडे निघाली. तीसेक माणसं होती. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वाटेत अपमान नको म्हणून आपण कोण आहोत हे कुणाला सांगायचं नाही, असंही त्यांनी आपसात ठरवलं होतं. दौलताबादच्या किल्ल्याशी पोचले तेव्हा रमजानचा महिना होता. दरवाज्याबाहेर पाण्याने भरलेलं एक छोटं टाकं होतं. प्रवासात अंगावर धूळ बसलेली, म्हणून काहींनी हातपाय-तोंड धुतलं. एवढ्यावर एक म्हातारा ओरडत आला की या लोकांनी टाकं बाटवलं. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत जायला परवानगी मिळाली ती एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे बघायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला.

तेव्हा बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेला जाऊन आलेले होते. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य तो मुसलमानांच्या लेखीही अस्पृश्यच, हे दाखवायला त्यांनी हा प्रसंग सांगितला. पण आपल्या विषयापुरतं मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. अठरा तास अभ्यास करणारा हा माणूस चळवळीच्या धामधुमीत तीस जणांना घेऊन लेणी आणि किल्ला बघायला गेला होता. बघण्याला त्याने वेळ दिला, पैसा दिला, आणि त्यासाठी अपमानही सोसला. त्याचं नाव घेऊन आपण आपल्याच पोरांना फिरण्यावरून टोकतो.

आता दुसरं उदाहरण, उलट बाजूचं. मराठीत १८५७ सालच्या उत्तर हिंदुस्थानाचं सगळ्यात गाजलेलं प्रवासवर्णन विष्णुभट गोडसे वरसईकरांचं. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आलं. हे गृहस्थ कोकणातल्या वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. म्हणजे गरिबी होती, घरची जबाबदारी होती, जायचं कारणही पैशाचंच होतं. तरी त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि पाहिलेलं पुढे लिहून काढलं. आपण पाहिलेलं लिहिण्याजोगं आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. ती शंका आपल्याला येते. मराठी प्रवासवर्णनांच्या कपाटात आपली पुस्तकं किती, हे पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात की मोजून बघा.

तर लखनौत काय बघायचं. बडा इमामबाडा आधी बघावा, कारण सगळे तोच दाखवतात. १७८४ साली अवधचा नवाब आसफुद्दौला याने तो बांधायला घेतला. मधला दालन जवळजवळ पन्नास मीटर लांब आणि त्याला आधाराला एकही तुळई नाही. वर भूलभुलैया. काळ दुष्काळाचा होता आणि लोकांना काम मिळावं म्हणून नवाबाने हे बांधकाम काढलं, असं सांगितलं जातं. आपल्या रोजगार हमीच्या ओळीतलंच म्हणा. याच्या जोडीला इथले गाइड एक दंतकथा हमखास सांगतात. दिवसा सामान्य लोक बांधायचे, आणि रात्री शहरातली खानदानी माणसं तेच पाडायला यायची. त्यांचीही उपासमार होती, पण काम करताना कुणी ओळखू नये म्हणून त्यांना रात्रीची पाळी. पर्यटक या गोष्टीवर ‘वाह’ म्हणतात. खरी-खोटी कशीही असो, ती कुणाच्या अब्रूची काळजी वाहते ते ऐका. दिवसा उन्हात विटा वाहणाऱ्याचा चेहरा दिसला तर चालतो, उमरावाचा दिसता कामा नये. इमामबाड्यावर माझा काही राग नाही, वास्तू अप्रतिम आहे. हल्ली मुसलमानी वास्तू म्हटली की तिच्यावर तुटून पडायची जी टूम निघाली आहे, तिच्यात तर आपण अजिबात पडू नये. मला एवढंच म्हणायचंय की दुष्काळात नवाबाने दगड-विटांवर खर्च केला तर त्याला दानत म्हणतात.

आता गोमतीनगरला चला. डॉ. भीमराव आंबेडकर सामाजिक परिवर्तन स्थल. मायावतींच्या सरकारने ते उभारलं, २००८ साली लोकांसाठी खुलं झालं. राजस्थानचा लाल दगड, दोन रांगांत उभे असलेले दगडी हत्ती, आणि आत फुले, शाहू, नारायण गुरू, बिरसा मुंडा, कबीर, रविदास, घासीदास, कांशीराम. महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलाला इथे एक विचित्र गोष्ट जाणवते. पुण्यात किंवा मुंबईत फुल्यांसाठी इतकी जागा कुणी मोकळी ठेवलेली त्याने पाहिलेली नसते. आपल्याकडे पुतळा चौकात असतो, आजूबाजूला रिक्षा उभ्या असतात, जयंतीला हार घातला की झालं. इथे चालून पाय दुखतात. संध्याकाळी दिवे लागले की घरंच्या घरं येतात, बायका पायऱ्यांवर बसून डबे उघडतात, मुलं हत्तींच्या मधून पळतात.

या वास्तूला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी उधळपट्टी म्हटलं. २००९ साली पुतळ्यांच्या खर्चाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत सुनावणीच्या वेळी सरन्यायाधीशांनी तोंडी म्हटलं की मायावतींनी हा पैसा सरकारी तिजोरीत परत भरावा असं प्रथमदर्शनी वाटतं. त्याआधी २०१२ च्या निवडणुकीत आयोगाच्या आदेशावरून दगडी हत्ती झाकून ठेवले होते. हयात असलेल्या मुख्यमंत्र्याने स्वतःचे पुतळे उभारावेत का, हा प्रश्न जरूर विचारा, मीही विचारतो. पण त्याच सुमाराला, २०१८ साली, नर्मदेकाठी १८२ मीटरचा पुतळा सुमारे तीन हजार कोटी रुपयांत उभा राहिला, तेव्हा तिजोरीत पैसे परत भरण्याची गोष्ट कुणी काढली नाही. दोन शतकांपूर्वीच्या दगडाला वारसा म्हणायचं, आपल्या दगडाला खर्च म्हणायचं. शिष्यवृत्तीवर फिरणाऱ्या पोराला जे ऐकवलं जातं तेच या उद्यानाला ऐकवलं गेलं, शब्दसुद्धा तेच: ‘एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या.’

चौकाच्या बाजूला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, ते बाहेरून बघायला दहा मिनिटं पुरतात. १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जने, त्याची पायाभरणी केली म्हणून किंग जॉर्जचं नाव. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर मायावतींच्या काळात ते छत्रपती शाहूजी महाराज मेडिकल युनिव्हर्सिटी झालं. २०१२ साली सरकार बदललं आणि पुन्हा किंग जॉर्ज आला. म्हणजे इंग्रज राजा नको की कोल्हापूरचा राजा नको, यात कोल्हापूरच्या राजाचा नंबर आधी लागला. शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी मिळाली तीही इथून फार लांब नाही. १९१९ साली कानपूरच्या कुर्मी महासभेत ती दिली गेली. सकाळची लोकल गाडी पकडली तर कानपूर बघून रात्री हॉस्टेलवर परत येता येतं. तिथल्या विद्यापीठावर शाहूंचं नाव अजून आहे.

सिकंदरबागेत मात्र घाईने जाऊ नये. हजरतगंजपासून जवळ, वनस्पती संशोधन संस्थेच्या शेजारी आहे. वाजिद अली शाहच्या बेगमेच्या नावाची ही बाग. आता एक दरवाजा, थोडी भिंत आणि एक मशीद एवढंच उरलंय. १६ नोव्हेंबर १८५७ ला कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने ही भिंत फोडली आणि आत अडकलेले सुमारे दोन हजार शिपाई कापून काढले. फोर्ब्स-मिचेल नावाच्या गोऱ्या सैनिकाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की आतल्या पिंपळाखाली गोऱ्यांची प्रेतं पडली होती आणि जखमा पाहून वाटत होतं की गोळ्या वरून आल्या. एकाने झाडावर नेम धरला. खाली जे पडलं ती बाई निघाली. त्याच्या पुस्तकात तिला नाव नाही. नाव पासी समाजाने जपलं: उदादेवी. तिचा नवरा मक्का पासी त्याच वर्षी चिनहटच्या लढाईत पडला होता, असं समाज सांगतो. आज बागेबाहेर तिचा बंदूकधारी पुतळा आहे.

विष्णुभटांसारखा कुणी लिहिणारा तिच्या सोबत नव्हता. बागेत पडलेल्यांना एक छायाचित्रकार मात्र मिळाला, तो व्हेनिसमध्ये जन्मलेला फेलिचे बियातो. १८५८ मध्ये त्याने काढलेल्या फोटोत मोडक्या इमारतीसमोर सगळीकडे हाडं पसरलेली दिसतात. फोटो चांगला यावा म्हणून ती हाडं तिथे मांडली गेली, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. तिथून रेसिडेन्सी बघायला गेलात तर तोफांनी फुटलेल्या लाल विटांच्या भिंती नीट जपलेल्या आहेत, बाग राखलेली आहे, गोऱ्यांची थडगी आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं दगडावर कोरलेली आहेत. दोन्ही जागा एकाच दिवशी बघा, म्हणजे फरक आपोआप कळतो.

रिसालदार पार्कचा बुद्धविहार कुठल्याच पर्यटन नकाशावर ठळक नसतो. बोधानंद महास्थविरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लखनौत बौद्ध चळवळ उभी केली, तिचं हे ठिकाण. नागपूरला १९५६ च्या दीक्षेच्या वेळी हजर असलेले भदंत प्रज्ञानंद इथेच राहत, २०१७ साली त्यांचं निधन झालं. बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर कुशीनगरहून आले होते, म्हणजे तेही याच प्रदेशातून. याच शहरात चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी बहुजन कल्याण प्रकाशन चालवून बाबासाहेबांचं लेखन हिंदीत लोकांपर्यंत नेलं. दीक्षाभूमीचं एक टोक इकडे आहे, हे मला नागपुरात कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांची जोडून सुट्टी मिळाली तर श्रावस्ती. बहराइचवरून बस जाते. जेतवनात विटांचे पाये, पिंपळ आणि श्रीलंका-थायलंडहून आलेले पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू. बुद्धाने सगळ्यात जास्त वर्षावास जिथे काढले ती ही जागा, आणि इथे येणाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ भेटतात. नांदेड, अकोला, चंद्रपूरकडच्या बायका बस करून येतात. त्यांना फिरण्याचा अपराध वाटत नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जायला वाटत नाही, महाडला जायला वाटत नाही. आपल्या लोकांनी फिरणं सोडलेलंच नाही. संकोच पदवी मिळाल्यावर सुरू होतो, कारण मग बघणाऱ्यांमध्ये सवर्ण मित्र, प्राध्यापक आणि फेसबुक येतं.

लखनौत अशी नजर एकदा बसली की ती युरोपातही कामाला येते. इमामबाड्याशेजारच्या रूमी दरवाज्याच्या नावातला ‘रूम’ म्हणजे पूर्वेकडचं रोम, कॉन्स्टॅन्टिनोपल. खऱ्या रोममध्ये टायटसची कमान आहे, इसवी सन ८१ च्या सुमाराची. तिच्यावर जेरुसलेमचं मंदिर लुटून आणलेल्या वस्तूंची मिरवणूक कोरली आहे. रोममधले ज्यू कित्येक पिढ्या त्या कमानीखालून जात नसत. लिस्बनला नदीकाठी दर्यावर्दींचं भलंमोठं स्मारक आहे, वास्को द गामासकट. ते १९४० साली तात्पुरतं उभारलं आणि १९६० साली दगडात बांधलं, पुढच्याच वर्षी गोवा त्यांच्या हातून गेला. अटलांटिकपलीकडे गुलामांचा व्यापार नेणाऱ्यांत पोर्तुगीज पहिले होते, हे त्या दगडावरून कळत नाही. आपल्या मुलीला तिथे उभं राहिल्यावर सिकंदरबाग आठवली, तर तिने काय पाहिलं याचं मोल कुठल्याही टूर कंपनीच्या माणसापेक्षा जास्त आहे.

परदेशातल्या सहलींचं आणखी एक आहे. भारतीय विद्यार्थ्यांचे गट जमतात, गाडी भाड्याने घेतात, एअरबीएनबी वाटून घेतात. गटात कोण येणार हे ठरताना आडनाव विचारलं जातं, आडवळणाने का होईना. लखनौत सरळ ‘पूरा नाम?’ असं विचारतात. लॉजवर, भाड्याच्या खोलीसाठी, कधी चहाच्या टपरीवरही. १९३४ साली तीस माणसांना ओळख लपवून प्रवास करावा लागला होता. आज इटलीत एखादी मुलगी गटातून हळूच वगळली जाते आणि एकटीच ट्रेनने व्हेनिस बघून येते. एकटीने फिरण्याची तिची हिंमत मोठीच आहे, पण ती वेळ तिच्यावर का आली, याबद्दल त्या गटातल्या लोकांना कुणी काही विचारत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. ज्यांना घरी पैसे पाठवायचे आहेत त्यांनी पाठवावेत, त्यात वाद नाही. पण इरॅस्मस मुंडसमध्ये महिन्याला १४०० युरो मिळतात आणि त्यातले किती कशावर गेले, हे कुणी विचारत नाही. नॅशनल ओव्हरसीजमध्ये अमेरिका आणि इतर देशांसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनसाठी ९,९०० पौंड निर्वाह भत्ता आहे. शिवाय किरकोळ खर्चाचा भत्ता आहे आणि तो कशासाठी याच्या यादीत पुस्तकांबरोबर अभ्यास सहलीचंही नाव आहे. सरकारी नियमाला जे मान्य आहे ते आपल्या काकांना मान्य नाही, असा हा प्रकार. आपल्या संघटनांनी भत्ता वेळेवर मिळावा यासाठी भांडावं. फिरणाऱ्या पोरांना नैतिकतेचे धडे देण्यात शक्ती घालवू नये.

आणि फिरून आल्यावर लिहा. मराठीत लिहा, वाईट लिहिलं तरी चालेल. फोटोखाली दोन ओळी पुरत नाहीत. तिकीट किती, बस कुठून सुटते, गाइडने काय सांगितलं, काय गाळलं, नाव विचारलं का, पाणी कुठे प्यायलात, हे सगळं येऊ द्या. तुमच्या मागून येणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच राज्याबाहेर पडणाऱ्या मुलीला तेच लागणार आहे.

लखनौत असाल तर १६ नोव्हेंबरला सकाळी सिकंदरबागेकडे जा. पासी समाजातले लोक उदादेवीच्या पुतळ्याला हार घालायला तिथे जमतात. हिंदी मोडकंतोडकं असलं तरी अडत नाही, महाराष्ट्रातून आलोय म्हटलं की लोक बोलतात.